रुमालाखालचा सौदा

रिक्षा शाहूपुरीत शिरली आणि नव्या गुळाचा वास आला. दिवाळीचा पाडवा झाला की कोल्हापुरात हा वास हिंडायला लागतो. आधी तो शिवारातल्या गुऱ्हाळांवर असतो, मग ट्रॅक्टरमागून पेठेत येतो आणि पेठेतून घराघरांत जातो. नुसता गोड म्हणावा असा तो नाही. चुलाणात जळणाऱ्या चिपाडांचा धूर त्यात असतो, जरासा करपटपणा असतो, नव्या गोणपाटाचा कोरडा वास असतो. मुंबईत हा वास कुठं मिळत नाही, म्हणून दिवाळीनंतर मालिकेच्या लोकांशी भांडून सुट्टी काढते आणि इकडं येते. आधी शाहूपुरीत उतरून काकवीची बरणी घ्यायची, मग शिरोळमार्गे कुरुंदवाडची एसटी धरायची, हा माझा शिरस्ता. काकवी अप्पांसाठी. अप्पा म्हणजे माझे सासरे.

रिक्षावाला मघापासून आरशातून माझ्याकडं बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"मावशी, त्या टीव्हीच्या शिरेलीतल्या सासूबाई तुम्हीच न्हवं?"

"व्हय."

"लई छळताय वो सुनेला. आमच्या घरात रोज शिव्या पडत्यात तुम्हाला."

"पडू देत की. शिव्या पडत्यात म्हंजे बघत्यात."

तो मनापासून हसला. उतरताना मात्र त्यानं मला बजावलं, की पोरगी गरीब हाय, जरा दमानं घ्या. मीही बरं म्हटलं. पस्तिशीतच मला सासू केलं मालिकावाल्यांनी! डोक्याला पांढरा रंग लावला, जरीचा पदर दिला आणि कॅमेऱ्यापुढं बसवलं. पहिल्या दिवशी दिग्दर्शक म्हणाला, "काही करू नका, नुसतं बघा." मी नुसतं बघितलं. समोरची पोरगी संवाद विसरली. तेव्हापासून मुलाखतीला आलेला प्रत्येक जण मला विचारतो, की चेहऱ्यावरची रेषही न हलवता एवढी जरब कशी आणता, कुठं शिकलात? मी सांगते, गुळाच्या पेठेत. त्यांना वाटतं, बाई चेष्टा करतेय.

चेष्टा नाही. माझे वडील, अण्णा, गुळाचे अडते. शाहूपुरीत खाली गोदाम आणि वर आमचं घर. तरुणपणी ते सांगलीला हळदीच्या पेठेत उमेदवारी करून आलेले, आणि तिथली रीत रुमालाखालची. घेणाऱ्यानं आणि देणाऱ्यानं हातात हात घालायचे, वर रुमाल टाकायचा आणि भाव बोटांनी बोलायचा. एक बोट दाबलं की एक, दोन दाबली की दोन, सगळा हात धरला की पाच. तोंडानं आकडा काढायचा नाही. भोवती माणसांचं कडं पडलेलं असतं, त्यातल्या कुणालाही चेहऱ्यावरून काही कळता कामा नये. पटलं की एकानं "झाला सौदा" म्हणायचं आणि रुमाल काढायचा. त्यानंतर तो आकडा कुणी कुणाला विचारत नाही, कुणी सांगत नाही आणि कुणी मोडत नाही. कोल्हापुरात गुळाचे सौदे उघड बोलीनंच होत, पण जुनी माणसं भेटली की अण्णांचा हात खांद्यावरच्या रुमालाकडं जाई. सवयच ती.

शाळेतून आले की मी गोदामाच्या उंबऱ्यावर बसून त्यांचा चेहरा बघत असे. आतून माणूस घासाघीस करतोय, तापतोय, पडतं घेतोय, आणि वरून बघावं तर रंकाळ्यावर वारं खायला बसल्यासारखा. मला त्याचं वेड लागलं होतं. घरी आरशापुढं बसून मी हात उशीखाली घालायचे, बोटांनी वाटेल ते बोलायचे आणि चेहरा तसाच ठेवायचे. आई म्हणायची, पोरीला झपाटलंय. पण एक गोष्ट मला कळली होती, जी अख्ख्या पेठेला ठाऊक नव्हती. अण्णा पडतं घ्यायला लागले की त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा हलायचा. चेहरा गप्प, हात रुमालाखाली, आणि तो अंगठा आपला वरखाली, वरखाली. मी हे कुणाला सांगितलं नाही. बापाच्या धंद्याची गोष्ट होती.

नव्वदच्या दशकाच्या मधला एक हिवाळा मला आठवतो तो पायाच्या तळव्यांनी. गोदामातल्या फरशीवर गूळ सांडून सांडून एक पातळ थर बसलेला असायचा. चप्पल काढून नाटकाच्या तालमीला उभं राहिलं की पाय चिकटायचे, आणि उचलले की चट् असा आवाज यायचा. आमच्या हौशी नाट्यसंस्थेला दुसरी जागा नव्हती. अण्णांनी संध्याकाळी गोदाम दिलं, अट एकच: गुळाच्या रव्यांवर, म्हणजे ढेपांवर, बसायचं नाही. भिंतीला लागून ते रवे छातीएवढे रचलेले असायचे, गोणपाटात बांधलेले, आणि मध्ये राहिलेल्या जागेत आमचा रंगमंच. मुंगळे तालमीला आमच्याआधी हजर. नाटकाचे कपडे, पडदा, सगळ्यांना गुळाचा वास. नाट्यस्पर्धेच्या दिवशी पहिल्या रांगेतल्या बायका इकडंतिकडं बघत होत्या, की कुणाच्या पिशवीत गूळ आहे.

आमचे दिग्दर्शक पाटोळे सर एका शाळेत चित्रकला शिकवायचे. नाटक त्यांनीच लिहिलेलं. एका बाईला ठाऊक असतं, की तिचा भाऊ कुठं लपलाय. पोलीस पाटील तिच्या दारात येऊन बसतो आणि पूर्ण अंकभर तिला विचारत राहतो. ती तांदूळ निवडत राहते आणि काही सांगत नाही. ती बाई मी. तेविसाव्या वर्षी मला मोठमोठे संवाद म्हणायची कोण हौस होती! सरांनी सगळे काढून टाकले.

"गिरिजा, तू बोललीस की नाटक पडतंय. हातांनी बोल."

मग मला उंबऱ्यावरून बघितलेला तो रुमाल आठवला. चेहरा मी अण्णांचा घेतला आणि बोटं तांदळात घातली. पाटील जवळ आला की बोटं खडा शोधायची, दूर गेला की नुसती तांदळातून फिरायची, आणि भावाचं नाव निघालं की थांबायची. पाटोळे सर एकदाच "हां" म्हणाले. त्यांचं "हां" मिळायला माणसं झुरायची. नाटक हे काय असतं ते मला त्या चिकट फरशीवर कळलं, आणि आपल्याला जन्मभर हेच करायचं आहे, हेही तिथंच ठरलं. त्यात मला कधी शंका आली नाही. पुढं पुष्कळ गोष्टींत आली, यात नाही.

प्रयोगाला थिएटर भरलेलं. आमच्या गावचा प्रेक्षक काही तोंडात मिठाची गुळणी धरून बसणारा नव्हे. अंक निम्मा झाला, पाटील पाचव्यांदा तेच विचारायला लागला, मी तांदळातच, आणि मागून कुणीतरी खणखणीत आवाजात ओरडलं, "आता काय बी सांगू नगंस गं बाई! सुटतोय तुझा भाऊ!" थिएटर हसून हसून कोसळलं. माझा चेहरा हलला नाही. आतून मात्र मी इतकी खूश झाले, की सुपातला तांदूळ माझ्या बोटांनी स्वतःहून उडवला.

त्याच हंगामात माझं लग्न ठरलं. स्थळ कुरुंदवाडचं. मुलगा शिवानंद, मोटारपंपांचं दुकान. त्याचे वडील अप्पा हळदीचे आणि गुळाचे व्यापारी, अण्णांच्या ओळखीतले. बोलणी करायला ती मंडळी आमच्याकडं आली तेव्हा खाली गोदामात रवे उतरत होते आणि वर पोह्यांची बशी फिरत होती. अप्पा धिप्पाड, पांढऱ्या मिशांचे, नखांच्या कडा हळदीनं पिवळ्या पडलेल्या. त्यांची बायको, अव्वा, अंगानं एवढीशी, पण तिचं मराठी-कानडी मिसळलेलं बोलणं खालच्या हमालांनाही ऐकू जात होतं. शिवानंद खाली मान घालून पोहे खात होता.

"पोरगी पसंत हाय," अप्पा म्हणाले. "शिवाला काय विचारायचं, त्येनं दुसऱ्यांदा पोहे घेतल्यात. आणि आमी तर तिला आधीच बघितलंय. त्या दिवशी थेटरात मीच वरडलो, काय बी सांगू नगंस म्हणून."

सगळे हसले. मला तर वाटलं, इथंच पाया पडावं या माणसाच्या. पण अप्पांनी मिशीवरून हात फिरवला.

"एक मातर हाय. लग्नानंतर नाटकाचं काय करायचं?"

आई उगाच पदर सावरायला लागली. अण्णा म्हणाले, "तिला सोड म्हणून मी सांगणार न्हाय."

"सोड कोण म्हणतंय? पर आमचं गाव बारकं. लोकं बोलायला टपल्यात. वरसाला किती नाटकं, त्ये आत्ताच ठरवून टाकू. मागनं वाद नको."

आणि मग जे झालं ते पेठेतल्या माणसांच्या घरातच होऊ शकतं. भरल्या घरात, पाहुण्यांसमोर, लेकीच्या बाबतीत आकडा तोंडानं काढणं अण्णांच्या जिवावर आलं असावं. त्यांचा हात सवयीनं खांद्याकडं गेला. अप्पांनीही सवयीनंच हात पुढं केला. रुमाल पडला. दोघांचे चेहरे बंद झाले.

"अय्य!" अव्वा ओरडली. "सोयरीक हाय का हळद?"

सौदा चालू असताना बोलायचं नसतं. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. रुमालाची घडी हलत होती, मध्येच थांबत होती, पुन्हा हलत होती. माझ्या आयुष्याची घासाघीस चालली होती आणि मला त्यातलं काही दिसत नव्हतं. मग मी खाली बघितलं. अण्णांच्या डाव्या पायाचा अंगठा हलायला लागला होता.

मला अण्णांचा राग आला नाही. त्यांनी माझ्यासाठी गोदाम दिलं होतं, गावाचं बोलणं ऐकून घेतलं होतं. पण मुलीच्या बापाला पडतं घ्यायची सवय असते, ती त्यांनाही होती. अंगठा वरखाली, वरखाली. तीन असतील तर दोन झाली असतील, दोन असतील तर एक. मी ट्रे खाली ठेवला, पुढं गेले आणि रुमालाखाली हात घातला.

आईनं तोंडावर हात ठेवला. रुमालाखाली बाईचा हात कधी कुणी बघितला नव्हता. मला आधी अण्णांचं मनगट लागलं, ते मी बाजूला सारलं. मग अप्पांचा हात. रुंद, कोरडा, खरबरीत. त्यांची पाचही बोटं मी अंगठ्यासकट मुठीत मावतील तेवढी धरली आणि आवळली. पेठेच्या हिशेबात सगळा हात म्हणजे पाच, आणि वर्षाला पाच नाटकं आमच्याकडं कुठलाच हौशी नट करत नाही. म्हणजे माझं म्हणणं एवढंच होतं, की मोजू नका. अप्पांच्या डोळ्यांत बघत मी तशीच उभी राहिले. चेहरा मी अण्णांचा घेतला होता.

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरची मिशीसुद्धा हलली नाही. मग त्यांनी हात सोडवून घेतला, रुमालाची नीट घडी केली आणि अण्णांच्या खांद्यावर ठेवली.

"झाला सौदा."

"काय ठरलं वो?" अव्वानं विचारलं.

"रुमालाला विचार," अप्पा म्हणाले आणि चहाची बशी उचलली.

त्या हंगामात माझं लग्न झालं. पण काय ठरलं, हे मला कळलंच नाही. अप्पांनी अण्णांचा शेवटचा आकडा धरला की माझी मूठ? चैत्रात माहेरी गेले तेव्हा अण्णांना एकटं गाठून विचारलं. ते म्हणाले, "मलाच ठाऊक न्हाय गिरे. तू हात घातलास, तवाच सौदा माझा ऱ्हायला न्हाय." आणि तुमचा आकडा काय होता, म्हटलं, तर म्हणाले, "पेठंत असं विचारत न्हाईत." पुढं काही वर्षांनी अण्णा गेले. त्यांचा आकडाही गेला. शिवानंदला विचारण्यात अर्थ नव्हता. तो म्हणाला, "मला काय ठाऊक? मी पोहे खात होतो."

उरले एकटे अप्पा. त्यांना मी विचारलं नाही, आणि त्यात माझा हिशेब होता. विचारलं असतं तर आकडा कळला असता, आणि कळलेला आकडा पाळावा लागला असता. न कळलेल्या आकड्यात पुष्कळ जागा असते. त्या जागेत मी संसार मांडला आणि नाटकंही केली. दरवर्षी हंगाम सुरू झाला की सकाळी चहाच्या वेळी मी सांगायची, "अप्पा, तालमी सुरू व्हायल्यात." ते पेपरातून डोकं वर न काढता विचारायचे, "व्हय का? एसटीला जागा मिळती का?" बस. एखाद्या वर्षी दुसरं नाटक घेतलं की मी त्यांच्या चेहऱ्याकडं निरखून बघायची, हद्द ओलांडली का म्हणून. तो चेहरा वाचायला माझ्या बापाला जमलं नसतं. त्यांच्या पायाचे अंगठेही बघितले. त्यांच्या पायात कायम पायताण.

शिवानंदचं माझ्या नाटकाशी नातं यंत्राचं. भारनियमनाच्या काळात तालीम ऐन रंगात आली की वीज जायची. हा माणूस दुकानातला जनरेटर टेम्पोत घालून आणायचा आणि बाहेर त्याच्याशेजारी बसून राहायचा. नाटक कसं झालं म्हणून विचारलं की म्हणायचा, "लोड बराबर होता." लग्नाआधी मला वाटायचं, नवरा कसा आपल्याशी कलेवर बोलणारा असावा. कलेवर बोलणारे मला पुढं पुष्कळ भेटले. उजेड पाडणारा हा एकच, आणि माझा त्याच्यावर जीव आहे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मुंबईहून पहिल्यांदा फोन आला. मालिकेत नायिकेच्या बहिणीचं काम, रोजचं. गौरी, माझी लेक, तेव्हा नुकती चालायला लागली होती. पण मी नाही म्हटलं ते तिच्यामुळं नाही. त्या बहिणीला दर भागात एकदा रडायचं होतं, आणि मला पाटोळे सरांच्या नव्या नाटकात एक चोर बाई करायची होती. चोर बाई मला जास्त आवडली. मी फोनवर नाही म्हटलं, फोन ठेवला आणि वांग्याच्या भाजीला फोडणी दिली. आजही कुणी विचारलं, की तेव्हा चुकलं का, तर मी छातीला हात लावून सांगते, नाही. ती चोर बाई मी बघितलीय, तुम्ही बघितलेली नाही.

गावानं मात्र वेगळाच निकाल लावला. सासऱ्यानं सोडलं नाही, असं ठरलं. हळदीवाल्या अप्पांनी सुनेचं नशीब अडवलं, हे एसटीच्या स्टँडपासून घाटापर्यंत झालं. मी चार लोकांना सांगितलं, की असं काही नाही. पण सून सासऱ्याची बाजू घेते म्हणजे ती दबलेली असणार, असं लोकांनी त्यातून काढलं. अप्पा एकदा दाढी करून घरी आले ते घुश्शात. न्हाव्याच्या दुकानात त्यांच्या तोंडावर कुणीतरी म्हणालं होतं, "अप्पा, पोरीला पिंजऱ्यात ठेवलासा." हे मला शिवानंदकडून नंतर कळलं. अप्पा घरी येऊन अव्वाला एवढंच म्हणाले, "दाढी नीट केली न्हाय त्येनं." एका वाक्यात त्यांना सगळ्यांची तोंडं बंद करता आली असती. पण त्या वाक्यात आकडा आला असता.

मग आला तो हंगाम, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. दिवाळीच्या आधी अप्पांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. ज्या माणसाचा आवाज थिएटरच्या मागच्या रांगेतून रंगमंचापर्यंत आला होता, त्याच्या तोंडून नुसता वारा यायला लागला. अव्वाचं बोलणं दुप्पट झालं. ती दोघांच्या वाटणीचं बोलायची, प्रश्न विचारायची आणि उत्तरंही द्यायची. दुपारी आम्ही अप्पांची बाज अंगणात उन्हाला घालायचो. मी त्यांना चमच्यानं काकवी भरवायची. त्यांच्या मिशीला लागली की पुसायची. त्यांना ते आवडायचं नाही, काकवी आवडायची.

आणि त्याच दिवसांत मुंबईचा दुसरा फोन. सासूचं काम. मोठी मालिका, महिन्यातले बरेचसे दिवस तिथं राहायचं. माणसानं फोनवर प्रसंग वाचून दाखवला. सासू सुनेसमोर बसलीय, सून विनवतेय, सासू भाजी निवडतेय आणि काही बोलत नाही. माझे कान तापले. ही बाई मला ठाऊक होती, गोदामातल्या फरशीपासून ठाऊक होती. मला ती करायची होती. मला जायचं होतं. हे मी स्वतःशी अगदी स्वच्छ कबूल केलं, आणि त्याच वेळी समोर बाजेवर अप्पा होते, हेही तेवढंच स्वच्छ होतं.

शिवानंद म्हणाला, "तुझं तू ठरीव. घरचं मी बघतो." गौरी म्हणाली, "आई, टीव्हीत दिसशील?" अव्वा पहिल्यांदाच गप्प बसली. मग म्हणाली, "जा म्हणू का नको म्हणू, मला कळंना झालंय. त्येनला विचार."

"त्यांना बोलता येत नाही, अव्वा."

"तरी बी विचार. घरातलं थोरलं माणूस हाय त्ये."

तिसऱ्या प्रहराचं ऊन होतं. पलीकडं कुठंतरी गुऱ्हाळ पेटलेलं, धूर नदीच्या बाजूला चाललेला. मी बाजेच्या कडेला बसले आणि इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं. फिरवून नाही, सरळ.

"अप्पा, मुंबईहून बोलावणं आलंय. मला जायचंय. जाऊ का?"

ते माझ्याकडं बघत राहिले. चेहरा आता खरोखरच बंद झाला होता, त्यात त्यांचा काही हात नव्हता. मग त्यांचा डावा हात उठला आणि हवेत काहीतरी शोधायला लागला. मला वाटलं पाणी. तांब्या पुढं केला, तर मान हलवली. चादर ओढली, तर पुन्हा मान हलवली. हात माझ्या खांद्याकडं आला. तिथं त्यांची मिशी पुसायचा रुमाल होता, काकवीनं चिकट झालेला. तो मी काढून दिला. तो त्यांनी माझ्या हातावर टाकला, थोडा तिरका पडला, मी सरळ केला. आणि त्याच्याखाली त्यांचा डावा हात आला.

मी चेहरा सांभाळून बसले. सौद्यात चेहरा दाखवायचा नसतो. त्यांची बोटं माझ्या बोटांवरून सरकली, एक, दोन, सगळी. अंगठाही घेतला. मावतील तेवढी मुठीत धरली आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून आवळली. अगदी तशीच. त्या दिवशी मी धरली होती, तशी. हा नवा सौदा नव्हता, जुनाच होता. त्या दिवशीच झालेला. एवढी वर्षं हा माणूस लोकांच्या शिव्या खात होता आणि माझी मूठ पाळत होता.

मला रडू आलं. रागही आला. अहो, तोंडानं बोलता येत होतं तेव्हा बोलायला काय झालं होतं! पण हे मी बोलले नाही, आणि त्यांच्या डोळ्यांत बघितलं तर ते हसत होते. चेहऱ्याच्या अर्ध्या बाजूनं, पण हसत होते. त्यांचे ओठ हलले, वारा आला, शब्द आला नाही. कुठला शब्द ते मला ठाऊक होतं. तो म्हटल्याशिवाय रुमाल काढता येत नाही.

"झाला सौदा, अप्पा," मी म्हटलं, आणि रुमालाची घडी करून त्यांच्या खांद्यावर ठेवली.

दारातून अव्वाचा आवाज आला.

"काय ठरलं गं?"

"रुमालाला विचारा, अव्वा."